‘कायमचे’ हा शब्द छापण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘नस गोठवा, दुखणे कायमचे विसरा’ असा मथळा होता. खाली एका महिलेचा हसरा फोटो आणि ‘ऑपरेशन नाही, औषध नाही, एका सुईत मुक्ती’ अशी ओळ. ती जाहिरात होती की लेख, हे चष्मा लावूनही मला ठरवता आले नाही. त्याचे कात्रण आमच्या गावात चार जणांनी माझ्याकडे आणले, कारण नस गोठवून घेतलेला माणूस गावात मी एकटाच आहे. चौथा आला तो शेजारचा मुलगा. त्याच्या आईचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. पोराने दुभत्या म्हशीसाठी व्यापाऱ्याशी बोलणीही केली होती. म्हणाला, “काका, तुमचं हेच केलं ना? मग आईचंबी करून टाकू, एकदाचं कायमचं सुटंल.” मी त्याला सांगितले, म्हैस आठ दिवस दावणीलाच राहू दे, आणि हे पत्र लिहायला बसलो.

मी एस.टी.चा निवृत्त वाहक. एकतीस वर्षे चामडी पिशवी डाव्या खांद्यावरून उजव्या बगलेखाली अडकवून उभ्याने तिकिटे फाडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये, नवरात्रात, उजव्या छातीखालून पाठीपर्यंत आग सुरू झाली तेव्हा मला वाटले, पिशवीच्या पट्ट्याचे जुने दुखणे उमळले असेल. तीन दिवसांनी पाण्याने भरलेले फोड उठले. नागीण.

आमच्याकडे नागिणीचे भय वेगळेच. तोंड आणि शेपूट जुळले की माणूस जातो, असे लहानपणापासून ऐकलेले. घरच्यांनी आधी गेरूची रेघ ओढणाऱ्याकडे नेले. त्यात पाच दिवस गेले. तालुक्याच्या डॉक्टरांनी फोड पाहून पहिला प्रश्न विचारला, “कधी उठले?” मी सांगितल्यावर ते क्षणभर काही बोलले नाहीत. विषाणूवरचे औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केले तर चांगले लागू पडते, हे मला तेव्हा कळले. लहानपणी कांजिण्या आल्या की तो विषाणू अंगातून जात नाही. पाठीच्या कण्याशेजारी नसांच्या मुळांत झोपून राहतो आणि उतारवयात अंगातली ताकद घटली की एखाद्या नसेच्या वाटेने बाहेर पडतो. ती नस शरीराच्या एकाच अंगाची, म्हणून नागीण बहुधा एकाच बाजूला राहते. तोंड-शेपूट जुळण्याची भीती खोटी आहे. त्या भीतीत माझे पाच दिवस गेले, तसे दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत.

फोड तीन आठवड्यांत सुकले, पण आग गेली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तीन महिन्यांच्या पुढे दुखणे टिकले की ते नागिणीमागचे नसदुखीचे म्हणतात. कसे होते ते लिहितो, कारण बाहेरून काहीच दिसत नाही आणि लोकांना वाटते म्हातारा सोंग करतो. बनियनचा नुसता स्पर्श झाला तरी निखारा फिरवल्यासारखे व्हायचे. बनियनची उजवी बाजू बायकोने कात्रीने कापून दिली होती. पंख्याचा वारासुद्धा त्या पट्ट्यावर सोसत नसे. मध्येच वीज चमकावी तशी कळ यायची आणि हातातले ताट खाली यायचे. छातीत दुखते म्हणून दोनदा ईसीजी काढला, एक्स-रे काढला. दर वेळी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ हेच उत्तर. रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे तू नॉर्मल आहेस, असे घरचेही धरून चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत जुनाट वेदनेला स्वतःचा वेगळा क्रमांक दिला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दुखणे हाच आजार असू शकतो, हे आता कागदावर मान्य झाले आहे. आमच्या ओसरीपर्यंत ते अजून आलेले नाही.

औषधे घेतली. गॅबापेंटिनने आग थोडी निवाली, पण डोके गरगरायचे आणि एकदा न्हाणीच्या पायरीवरून पडलो. अमिट्रिप्टिलिनने रात्रीची झोप आली, पण तोंडाला कोरड पडायची आणि लघवी तुंबायला लागली. पुरुषाच्या उतारवयात ते औषध जपून द्यावे लागते. ही औषधे वाईट नाहीत. पुष्कळांना पुरतात. मला पुरली नाहीत.

मुलगी पुण्यात असते. तिने मे २०२४ मध्ये एका रुग्णालयातल्या पेन क्लिनिकमध्ये नेले. तिथले डॉक्टर मूळचे भूलतज्ज्ञ. दुखण्यावर उपचार करणारे बरेच डॉक्टर भूलशास्त्रातूनच येतात, कारण कुठली नस कुठून जाते हे ज्ञान त्यांच्या रोजच्या कामाचे. त्यांच्या खोलीबाहेर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ असा फलक होता. मला वाटले चुकीच्या खोलीत आलो. आत सोनोग्राफीचे यंत्र होते आणि १९९४ च्या कायद्याने अशा प्रत्येक यंत्राची नोंद आणि फलक लागतो. पोट बघण्याच्या त्याच यंत्राने ते बरगड्यांमधल्या नसा बघतात.

आता त्या कात्रणात जे नव्हते ते सांगतो.

पहिल्या भेटीत कोणी काही गोठवले नाही. आधी चाचणीचे इंजेक्शन. पाचव्या आणि सहाव्या बरगडीखालच्या नसेजवळ बधिरीचे थोडे औषध सोडले आणि घरी एक कागद दिला. दर अर्ध्या तासाला दुखणे शून्य ते दहात किती, ते लिहायचे. सकाळी दुखणे दहापैकी आठ होते, दुपारी दोनवर आले. त्या दिवशी सात महिन्यांनी मी अख्खा सदरा घालून जेवलो. सहा तासांनी औषध उतरले आणि आग परत आली. डॉक्टर म्हणाले, “हीच नस आहे, आता पुढे जायला अर्थ आहे.” नागिणीचे दुखणे काहींमध्ये आत कण्याच्या पातळीवर जाऊन बसते. मग बाहेरची नस गोठवून हाती काही लागत नाही. चाचणीच्या इंजेक्शनने फरक पडला नाही तर त्या रोग्याचे पैसे आणि आशा दोन्ही वाचतात. ज्या ठिकाणी चाचणी न करता सरळ तारीख देतात, तिथून उठून यावे, असे माझे मत झाले आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गोठवले. सकाळी गेलो, संध्याकाळी परत. पालथे झोपवून कातडी बधिर केली आणि सोनोग्राफीत बघत बोरूच्या काडीएवढा प्रोब, म्हणजे आतून पोकळ सुई, बरगडीच्या खालच्या कडेशी नेला. डेपोत आगीच्या प्रात्यक्षिकाला आम्ही कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर सोडायचो, तेव्हा त्याच्या भोंग्यावर पांढरे हीव जमायचे. दाबातला वायू एकदम मोकळा झाला की थंड होतो. प्रोबच्या टोकात हेच घडते. आत नायट्रस ऑक्साइड येतो, म्हणजे भूल देताना वापरतात तोच वायू. बारीक छिद्रातून बाहेर पडून फुगतो, टोक उणे ७० अंशांच्या आसपास जाते आणि वायू प्रोबच्या आतूनच परत निघून जातो. अंगात वायू जात नाही. पडद्यावर टोकाभोवती काळा गोळा आणि त्याची चकचकीत कड दिसत होती. तो बर्फ. दोन मिनिटे गोठवले, वितळू दिले, पुन्हा दोन मिनिटे. मग दुसरी नस. सुरुवातीला खोल ठणका आला, मग काही नाही. नंतर एक्स-रे काढून फुप्फुसाला भोक पडले नाही ना, ते पाहिले. बरगडीच्या नसेखाली फुप्फुसाचे आवरण अगदी जवळ असते आणि शेजारून रक्तवाहिनी जाते. ‘ऑपरेशन नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ असे कोणी समजू नये. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, किंवा थंडीत बोटे पांढरी पडत असतील, अंगावर गांधी उठत असतील, तर डॉक्टरांना आधी सांगणे रोग्याच्या हातात आहे.

गावात मला सगळ्यांत जास्त विचारतात ते हे, “नस गोठवली म्हणजे रक्त थांबलं का?” आपल्याकडे ‘नस’ म्हणताना रक्तवाहिनी आणि मज्जातंतू एकच होतात. गोठवतात तो मज्जातंतू, निरोप नेणारा धागा. तो धागा कापत नाहीत. थंडीने त्याच्या आतले तंतू त्या जागेपासून पुढे मरतात, पण बाहेरचे आवरण शाबूत राहते. तुटलेल्या तंतूचा पुढचा भाग कसा झडतो हे ऑगस्टस वॉलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८५० मध्येच दाखवून दिले होते. आवरण राहिल्यामुळे तंतू त्याच वाटेने पुन्हा वाढतात. उसाचा खोडवा फुटतो, तसे. फार खाली, उणे १४० अंशांच्या पलीकडे गेले तर आवरणही मरते. नायट्रस ऑक्साइड उणे ८८ अंशांना उकळतो, त्यामुळे तिथवर जाऊच शकत नाही.

संपादक महाशय, ‘कायमचे’ हा शब्द इथे तुटतो. तंतू दिवसाला एक ते दोन मिलिमीटर वाढतो. मी वाहक, टप्पे मोजण्यात जन्म गेला. घरी मोजपट्टी लावून पाठीवरच्या सुईच्या खुणेपासून छातीपर्यंतचे अंतर मोजले, तीस सेंटिमीटर भरले. म्हणजे पाच ते दहा महिने. डॉक्टरांनीही ‘काही महिने’ असेच सांगितले होते. त्यांनी ‘कायमचे’ सांगितले असते तर मी हरखून गेलो असतो, आणि पाच महिन्यांनी आग परत आली त्या रात्री माझे काय झाले असते, त्याचा विचार करवत नाही.

गुण आला तो असा. आठवर असलेले दुखणे तीनवर आले. शून्यावर कधीच नाही. तो पट्टा लाकडासारखा बधिर झाला, हात फिरवला तर दुसऱ्याच्या अंगावरून फिरवल्यासारखे वाटे. गोळ्या निम्म्यावर आल्या, डोके गरगरायचे थांबले. जुलै २०२४ मध्ये माउलींच्या पालखीबरोबर लोणंदपासून तरडगावपर्यंत चाललो. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले तेव्हा गर्दीत माणसे उजव्या बाजूला घासत होती आणि मी उभा होतो. आदल्या दिवाळीत नातवाला जवळ घेता येत नव्हते. मला जे मिळाले ते पाच महिन्यांचे होते आणि त्यातला एकेक दिवस मी कालनिर्णयवर खूण करून मोजला आहे. कोणी मला म्हणाले की पाचच महिन्यांसाठी एवढा खर्च कशाला, तर मी त्यांना आधी ती कापलेली बनियन दाखवतो.

पुढच्या दिवाळीत, नोव्हेंबरात, हळूहळू मुंग्या, मग चटके, मग जुनी आग. १७ जानेवारी २०२५ ला पुन्हा गोठवले. दोन वेळचा खर्च मिळून माझ्या जवळजवळ दीड वर्षाच्या पेन्शनएवढा झाला. मुलीने भरला. जिला मुलगी नाही, किंवा मुलगी पुण्यात नाही, तिने काय करावे?

‘जगातील नवी क्रांती’ असेही त्या मजकुरात होते. मुलीने मला वाचून दाखवले त्याप्रमाणे, १८०७ मध्ये आयलाऊच्या लढाईत नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याने पाहिले की कडाक्याच्या थंडीत हातपाय कापताना सैनिकांना कमी वेदना होतात. १९६१ मध्ये अमेरिकेत मेंदूचे शल्यचिकित्सक अर्व्हिंग कूपर यांनी द्रव नायट्रोजनचा प्रोब बनवला. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी नस गोठवून वेदना शमवण्याला ‘क्रायोअ‍ॅनाल्जेसिया’ असे नाव दिले. माझी मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. नवे काय असेल तर सोनोग्राफीमुळे नस डोळ्यांनी दिसते आणि सुई नेमकी जाते, ते आहे. जुने तंत्र आहे म्हणून ते हलके होत नाही. पण इतकी वर्षे झाली तरी नागिणीच्या दुखण्यावर त्याच्या मोठ्या चाचण्या थोड्याच आहेत, हेही माझ्या डॉक्टरांनी मी न विचारता सांगितले. त्या सांगण्यानेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

शेजारच्या वहिनींच्या गुडघ्याचे वेगळे आहे. फलटणला एका माहितीतल्या डॉक्टरांना मी स्वतः जाऊन विचारून आलो. गुडघ्याच्या आसपासच्या बारीक नसांवर बहुतेक ठिकाणी गोठवण्याऐवजी उष्णतेचा उपचार करतात. रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे विजेच्या लहरींनी, सुईचे टोक ८० अंशांपर्यंत तापवतात. कात्रणात हे दोन्ही एकच करून टाकले होते. थंडीने असो की उष्णतेने, निरोप काही काळ थांबतो. झिजलेली कूर्चा उगवत नाही. ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही किंवा थांबायचे आहे त्यांना त्याचा उपयोग होतो, पण तिथेही चाचणीचे इंजेक्शन आधी. आणि ज्या नसेवर स्नायूही चालतात ती गोठवली तर तेवढे दिवस ताकद जाते, म्हणून कुठलीही नस धरून गोठवता येत नाही. वहिनींनी अजून धडपणे व्यायामसुद्धा सुरू केलेला नाही, वजन उतरवलेले नाही, आणि म्हैस मात्र बाजारात निघाली होती.

माझे आपल्याकडे मागणे थोडे आहे. उपचाराची बातमी छापताना ‘गुण किती दिवस टिकतो’ आणि ‘कोणाला लागू पडत नाही’ ही दोन वाक्ये त्यात असल्याशिवाय छापू नका. पैसे घेऊन छापलेला मजकूर असेल तर तसे वर ठळक लिहा. गावाकडे छापील शब्दाला अजून फार वजन आहे. मोबाइलवरचे लोक खोटे धरतात, पेपरातले खरे धरतात.

सरकारकडेही एक. जिल्हा रुग्णालयात भूलतज्ज्ञ असतात, सोनोग्राफीचे यंत्र असते. आठवड्यातून एक दिवस दुखण्याची ओपीडी तिथे सुरू करता येईल. गोठवण्याचे यंत्र लगेच नको. नुसते औषध नीट बसवून देणे, चाचणीचे इंजेक्शन, आणि ‘तुझे दुखणे खरे आहे’ एवढे ऐकून घेणे, याने सुद्धा माझ्यासारख्या पुष्कळांची पुण्याची फेरी वाचेल. आणि नागिणीवरची लस २०२३ पासून आपल्या देशात मिळते. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी, दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. महाग आहे. मला नागीण उठली त्याच वर्षी ती आली होती आणि मला कोणी सांगितले नव्हते. आशाताईंमार्फत निदान ७२ तासांची गोष्ट तरी घरोघर पोहोचवा.

वहिनींना वाचता येत नाही. आपण हे पत्र छापलेत तर मी त्यांच्या ओट्यावर बसून वाचून दाखवणार आहे, म्हणून जमेल तितक्या लवकर छापावे ही विनंती.

आज दुसऱ्यांदा गोठवल्याचा ११८ वा दिवस. पालखी फलटणला येईल तोवर दीडशेच्या पुढे जाईल. देवळातल्या हरिपाठाला वीणा माझ्याकडे असते आणि तिचा पट्टा नेमका त्याच जागेवरून जातो. या वर्षी पालखीच्या दिवशी तो मला सोसेल की नाही, हे आता सांगता येत नाही, म्हणून खालच्या आळीतल्या एकाला उभे राहायला सांगून ठेवले आहे. तो यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त वाहक
ता. फलटण, जि. सातारा
(नाव छापू नये ही विनंती)